सायकल दिली; पण वाटेत हवा कोण भरणार?

छोट्या पंपाला आपण हौशी सायकलस्वारांची चैन समजतो. खरे तर त्याची सर्वाधिक गरज शाळेच्या वाटेवर आहे. पंप कोणता घ्यावा, कसा वापरावा आणि तो सायकलसोबतच का मिळायला हवा, याविषयी.

गेल्या पावसाळ्यातली एका शनिवारची सकाळ. छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादचा घाट चढून मी कागजीपुरा ओलांडला होता. खुलताबादच्या अलीकडे रस्त्याच्या कडेने एक मुलगी सायकल हातात धरून चालत होती. पाठीवर दप्तर, अंगावर शाळेचा गणवेश. मागचे चाक पूर्ण बसलेले. शनिवारची सकाळची शाळा, आणि शाळा अजून तीनेक किलोमीटर लांब.

मी मोठ्या ऐटीत थांबलो. माझ्या सायकलच्या दांडीला वीतभर लांबीचा, चांगल्यापैकी महागडा पंप लावलेला होता. तो काढला, तिच्या चाकाजवळ बसलो आणि लक्षात आले, की पंपाचे तोंड तिच्या सायकलला बसतच नाही. माझा पंप मोटारसायकलच्या व्हॉल्व्हला बसणारा. तिच्या सायकलला आपल्याकडचा जुना, वालट्यूबचा वाल. मी दोन-तीनदा खटपट केली. ती शांतपणे म्हणाली, ‘‘राहू द्या काका, जाईन चालत. पहिला तास बुडंल फक्त.’’

पहिला तास बुडंल फक्त. हे वाक्य त्या दिवसापासून डोक्यात बसले आहे. वेरूळपर्यंत जाऊन परत येणाऱ्या माझ्यासारख्याला पंक्चर म्हणजे अर्ध्या तासाचा खोळंबा, फार तर घरी सांगायला एक किस्सा. तिच्यासाठी तो बुडालेला तास असतो. आठवड्यात दोनदा असे झाले, की घरचे म्हणतात, ‘कशाला रोजची कटकट?’ आणि मुलीची शाळा सुटण्याची सुरुवात अशा अगदी साध्या कटकटीतून होते.

योजना आहे, सायकल आहे. मग अडते कुठे?

राज्यात मानव विकास कार्यक्रमांतर्गत १२५ तालुक्यांत गरजू मुलींना सायकलसाठी मदत दिली जाते. आठवी ते बारावीत शिकणारी, गावापासून पाच किलोमीटरच्या आत शाळा असलेली मुलगी त्यासाठी पात्र ठरते. सायकलसाठीची रक्कम वाढत वाढत ५,००० रुपयांवर आली आहे. या कार्यक्रमाचे आयुक्तालय आपल्याच शहरात आहे. योजना चांगली आहे, याबद्दल दुमत नाही. एसटीची वेळ आणि शाळेची वेळ जुळत नाही अशा गावांत सायकलीमुळेच मुली दहावीपर्यंत पोहोचल्या, हे मराठवाड्यातला कोणताही शिक्षक सांगेल.

पण सायकल ही एकदा देऊन संपणारी वस्तू नाही. तिला हवा लागते. डनलॉप या नावाने आपण जो टायर ओळखतो, त्याचा जन्मही एका मुलाच्या गैरसोयीतून झाला. बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेची चाके तयार केली आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तेव्हापासून सायकल हवेवर चालते. आणि हवा आज ना उद्या जातेच.

आपल्या भागात ती जरा जास्तच जाते. बांधावरच्या बाभळीचे आणि वेड्या बाभळीचे काटे रस्त्यावर येतात. पावसाळा सरता सरता सराटा वाळतो आणि त्याचे काटेरी गोळे पायवाटांवर पसरतात. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, टायरला मात्र बरोबर सापडतात. त्यात रस्त्यांवरचे खड्डे. चाकात हवा कमी असली, की खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चेमटते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात. काट्याचा दोष नसतानाही पंक्चर होते ते असे. म्हणजे हवा कमी ठेवणे हेच पंक्चरचे एक मोठे कारण आहे.

पूर्वी प्रत्येक फाट्यावर सायकलवाल्याचे दुकान असे. बाहेर पाण्याचे घमेले, उभा पंप आणि लटकवलेले टायर. आता फाट्यावर दुकान असते ते मोटारसायकलच्या पंक्चरचे. कॉम्प्रेसर असतो, ट्यूबलेसचा माल असतो. सायकलची ट्यूब हातात घ्यायला अनेकांना सवड नसते. पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळते, पण तिथली नळी जुन्या सायकलच्या वालला बसत नाही. बसलीच तर कॉम्प्रेसरचा जोर इतका, की क्षणभर जास्त धरली तर सायकलची ट्यूब फुटते.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. पंप हा सायकलचा दागिना नव्हे, तो सायकलचाच भाग आहे. जुन्या विलायती सायकलींच्या दांडीला पंप अडकवायची सोय असायची, ती उगाच नव्हे. मधल्या काळात दुकाने वाढली आणि आपण पंप विसरलो. आता सायकलची दुकाने कमी झाली आहेत. पंप परत आणायला हवा.

आधी वाल ओळखा, मग पंप घ्या

छोटा पंप घेताना लोक रंग बघतात, वजन बघतात, किती पौंड हवा भरतो ते बघतात. पहिली गोष्ट बघायची ती आपल्या सायकलचा वाल. माझी फजिती तिथेच झाली. आपल्याकडे तीन प्रकार दिसतात.

पहिला, वालट्यूबचा वाल. याला डनलॉप किंवा वुड्स वाल म्हणतात. काळ्या २८ इंची सायकली, लेडीज सायकली आणि शाळकरी मुलींच्या बहुतेक सायकलींना हाच असतो. आत पितळी पिन, तिच्यावर रबराची बारीक नळी, वरून नट.

दुसरा, श्रेडर. मोटारसायकल आणि कारला असतो तोच. जाडजूड, मध्ये पिन. गिअरच्या बऱ्याच सायकलींना, विशेषतः जाड टायरच्या सायकलींना हा असतो.

तिसरा, प्रेस्टा. बारीक, उंच, टोकाला छोटा नट. वेगाने चालवायच्या बारीक टायरच्या सायकलींना हा असतो. याचा टोकाचा नट सैल केल्याशिवाय हवा आत जात नाही. नवशिके इथेच घाम गाळतात आणि पंप बिघडला म्हणून परत करायला जातात.

चांगल्या छोट्या पंपाचे तोंड श्रेडर आणि प्रेस्टा दोन्हींना चालते. प्रेस्टाच्या बाजूने वालट्यूबच्या वालमध्येही सहसा हवा भरता येते. पण ‘सहसा’वर विसंबू नका. सायकल दुकानात घेऊन जा, पंप लावून दहा दट्टे मारून बघा आणि मगच पैसे द्या. ऑनलाइन मागवणार असाल, तर सोबत अडॅप्टर आहे का ते पाहा. नसेल तर वेगळा घ्या. किरकोळ किमतीची ती पितळी टोपी पंपाच्या नळीलाच बांधून ठेवा. माझ्या पंपाला आता ती कायमची बांधलेली आहे.

बारीक पंप की जाड पंप? साधे गणित

वेष्टनावर ‘१२० पीएसआय’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. तेवढी हवा भरण्याची ताकद पंपात असेलही. तुमच्या दंडात आहे का, हा खरा प्रश्न. हे समजायला शाळेतले गणित पुरते.

पंपाच्या नळीचा आतला व्यास जितका मोठा, तितकी एका दट्ट्यात हवा जास्त जाते. पण तितकाच जोरही जास्त लागतो. समजा दट्टा १५ सेंटिमीटर सरकतो. नळीचा व्यास २० मिलिमीटर असेल, तर एका वेळी साधारण ४७ मिलिलिटर हवा जाते. व्यास ३० मिलिमीटर असेल, तर १०६ मिलिलिटर. म्हणजे दुपटीहून अधिक.

आता टायर घेऊ. लेडीज सायकलच्या २६ इंची साध्या टायरमध्ये साधारण दोन लिटर जागा असते. ४५ पौंड हवा भरायची तर सुमारे साडेसहा लिटर हवा आत ढकलावी लागते. बारीक पंपाने १४० दट्टे. जाड पंपाने ६२. जाड टायरच्या गिअरवाल्या सायकलला ४० पौंडांसाठी जवळजवळ बारा लिटर लागतात. बारीक पंपाने २५० दट्टे, जाडने ११०. आणि हा हिशेब कागदावरचा. प्रत्यक्षात गळती धरून चौथा हिस्सा आणखी मोजा. मे महिन्यात भर दुपारी रस्त्याच्या कडेला तीनशे दट्टे मारून बघा, म्हणजे व्यासाचे महत्त्व पटेल.

मग सगळ्यांनीच जाड पंप घ्यावा का? नाही. शर्यतीच्या बारीक टायरला ९० पौंड हवा लागते. तिथे शेवटच्या दट्ट्यांना बारीक पंपावर साधारण २० किलोचा जोर लावावा लागतो, जाड पंपावर ४५ किलोचा. हाताने ४५ किलो दाबणे भल्याभल्यांना जमत नाही. उलट ४० पौंडांच्या टायरला जाड पंपावरही २० किलोच पुरतात.

थोडक्यात, जाड टायरला जाड पंप, बारीक टायरला बारीक पंप. मधल्या हायब्रिड सायकलींना २५ मिलिमीटरच्या आसपासचा मध्यम पंप. दुकानदार व्यास सांगणार नाही. पंप उघडता येत असेल तर पट्टी लावून बघा, नाहीतर दोन पंप शेजारी धरून जाडी पाहा.

नळी हवी, पायपट्टी हवी

दुसरी खूण तोंडाची. काही छोट्या पंपांचे तोंड थेट वालवर बसते. दिसायला सुटसुटीत, पण दट्टा मारताना पंप डोलतो आणि त्यासोबत वाल हलतो. वाल मुळाशी फाटला, की त्या ट्यूबला इलाज नाही; तिथे पॅच बसत नाही. म्हणून पंपातून निघणारी वीतभर रबरी नळी असलेला पंप घ्यावा. पंप कितीही हलला तरी वालला धक्का बसत नाही.

तिसरी खूण पायपट्टीची. काही छोट्या पंपांना तळाशी दुमडणारी पट्टी आणि वर आडवी मूठ असते. पट्टीवर पाय ठेवायचा आणि जमिनीवर उभा धरून वरून दाबायचे. असा पंप थोडा लांब आणि जड असतो, पण त्यात हाताऐवजी अंगाचे वजन कामी येते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचे वजन ४० किलोच्या आसपास असेल. हवेत धरून २० किलो दाबताना तिचे हात थरथरतील. जमिनीवर टेकवून दाबताना थरथरणार नाहीत. शाळकरी मुलांसाठी पंप घेणार असाल तर डोळे झाकून असाच घ्या.

पंपावरचा छोटा काटा, म्हणजे गेज, असला तर उत्तम. नसला तरी अडत नाही. वालट्यूबच्या वालवर तर गेज नीट दाखवतही नाही, कारण आतले रबर उचलायलाच थोडा दाब खर्च होतो. टायरच्या बाजूला किती पौंड हवा भरायची ते छापलेले असते. तो आकडा बहुधा कमाल मर्यादेचा असतो. तिथपर्यंत जायलाच हवे असे नाही. वाटेत साधी कसोटी पुरते. सायकलवर बसा आणि कोणाला तरी चाक बघायला सांगा. टायर जमिनीशी किंचित पसरला तर ठीक. रिमपर्यंत चेपला तर कमी. अजिबात पसरला नाही तर जास्त.

बॅटरीचे आणि गॅसचे पंप

हल्ली मुठीत मावणारे चार्जिंगचे पंप आले आहेत. बटण दाबले की दोन-तीन मिनिटांत चाक भरते. सोयीचे आहेत, यात शंका नाही. पण ते एक-दोन चाकांतच दमतात, चार्ज करायचे राहून गेले तर निव्वळ ओझे होतात, आणि उन्हाळ्यात गाडीत किंवा पाठपिशवीत तापत ठेवले तर बॅटरीचे आयुष्य घटते. शहरातल्या नोकरदाराला चालेल. लांबच्या वाटेला एकट्याने त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी शर्यतवाले वापरतात. १६ ग्रॅमच्या एका नळकांड्यातून आठ-नऊ लिटर वायू निघतो. हायब्रिडचे एक चाक सेकंदांत ६० पौंडांच्या घरात जाते. पण ते एकदाच चालते. पॅच नीट बसला नसेल तर वायूही गेला आणि पैसेही. शिवाय हा वायू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो. दुसऱ्या दिवशी चाक पुन्हा मऊ लागते.

हाताच्या पंपाला चार्जिंग नाही, नळकांडे नाही. दहा वर्षे टिकतो. त्याला लागते ती फक्त दंडाची मेहनत, आणि ती वाटेत नेहमी उपलब्ध असते.

वाटेत चाक बसले तर?

पंप असून उपयोग नसतो, कारण अनेकजण पंक्चर न काढताच हवा भरत सुटतात. क्रम लक्षात ठेवा.

१. आधी वाल तपासा. जुनी युक्ती आजही चालते: बोटाने वालवर थोडी थुंकी लावा. बुडबुडा फुगला तर दोष ट्यूबचा नाही, वालट्यूबचा. नट सोडा, जुने रबर काढा, नवा तुकडा चढवा, हवा भरा. दोन मिनिटांचे काम. उन्हाने वालट्यूब चिरते. तिचा दोन इंचांचा तुकडा कंपासपेटीत ठेवायला काहीच जागा लागत नाही. मुलींच्या सायकलींची अनेक ‘पंक्चर’ प्रत्यक्षात एवढीच असतात.

२. हवा सावकाश जात असेल तर भरा आणि निघा. बारीक काट्याने भोक पडले असेल तर एकदा भरलेल्या हवेवर दोन-चार किलोमीटर सहज जाता येते. शाळा किंवा दुकान तेवढ्यात असेल तर रस्त्यात टायर उघडू नका. आणि काटा टायरमध्ये रुतलेला दिसत असेल तर तो तिथेच राहू द्या. काढला की हवा भसकन जाते.

३. हवा लगेच जात असेल तर टायर उघडावाच लागतो. प्लास्टिकच्या दोन लिव्हर वापरा. स्क्रू ड्रायव्हरने ट्यूबला नवे भोक पडते. ट्यूब थोडी फुगवा, गालाजवळ फिरवा, हवा लागते. नाहीतर पाण्यात धरा.

४. टायरच्या आतून फडके फिरवा. ही पायरी सगळे विसरतात. काटा किंवा तार आतच राहिली तर पॅच लावून पाचशे मीटरवर पुन्हा तेच. बोट थेट फिरवू नका, कापेल.

५. ट्यूब पॉलिश पेपरने घासा, सोल्यूशन लावा आणि ते हाताला चिकटेनासे होईपर्यंत थांबा. ओल्यावर लावलेला पॅच उन्हात सुटतो. पॅच लावून अंगठ्याने जोरात दाबा.

६. ट्यूब बसवण्याआधी थोडी हवा भरा, म्हणजे ती पिळली जात नाही. टायर बसल्यावर पुन्हा थोडी हवा भरून वाल आत-बाहेर हलवा, टायर सगळीकडे सारखा बसला का ते बघा, आणि मग पूर्ण भरा.

दट्टे मारायचीही पद्धत आहे. अर्धवट, घाईघाईने मारलेले दट्टे फुकट जातात. टायरमधल्या दाबापेक्षा पंपातला दाब वाढतो तो दट्ट्याच्या शेवटच्या टप्प्यात. तेव्हाच हवा आत जाते. म्हणून प्रत्येक दट्टा पूर्ण ओढा, पूर्ण दाबा. थेट तोंडाचा पंप असेल तर एका हाताची बोटे चाकाच्या आऱ्यांत अडकवून पंपाचे तोंड आणि टायर एकत्र धरा, म्हणजे वाल हलत नाही. पंप गरम झाला तर घाबरू नका. दाबलेली हवा तापतेच. मिनिटभर थांबा.

आपल्याकडची धूळ हा पंपाचा शत्रू. दांडीला लावलेल्या पंपाच्या तोंडावर टोपी नसेल तर त्यात मातीचा लेप बसतो. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. जुन्या पंपात चामड्याचा वायसर असेल आणि तो सुकून दट्टा सैल झाला असेल तर तेलाचे दोन थेंब सोडा. पंप पुन्हा जोर धरतो. आणि महिन्यातून एकदा घरीच पंप वापरून बघा. वर्षभर दांडीला लटकलेला पंप नेमका गरजेच्या दिवशी ‘फुस्स’ करतो.

‘पंक्चरवाल्याच्या पोटावर पाय?’

हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. तो खरा नाही. पंपामुळे सायकल पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचते. पंप नसला तर ती घरी जाते आणि महिनाभर भिंतीला टेकून राहते. जी सायकल चालत राहते तीच दुकानात येते. टायर, चेन, ब्रेकचे रबर हे सगळे तिथूनच घेतले जाते.

दुसरा आक्षेप असा, की मुलींना हे जमणार नाही. हे म्हणणाऱ्यांनी आधी स्वतः करून बघावे. विहिरीवरून पाणी आणणाऱ्या आणि सुट्टीत कापूस वेचणाऱ्या मुलींना साठ-सत्तर दट्टे जमणार नाहीत, हे कोणी ठरवले? त्यांना जमत नाही, कारण त्यांना कोणी दाखवलेले नाही. एकदा दाखवले की काम संपते.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये ही गोष्ट नियमाचाच भाग आहे. २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते आणि वाटेत स्वतःची सायकल स्वतःच दुरुस्त करावी लागते. मागे मदतीची गाडी ठेवता येत नाही. नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण करून आले, तेव्हा आपल्याकडे सायकलिंगची मोठी लाट आली. त्या शर्यतीत मात्र स्पर्धकामागे गाडी असते, माणसे असतात. शाळेत जाणाऱ्या मुलीमागे कोणी नसते. रात्रपाळी संपवून वाळूजहून सायकलवर घरी निघालेल्या कामगारामागेही नसते. नियम नसतानाही त्यांना रोज ब्रेव्हेच करावी लागते, आणि तीही पंपाशिवाय.

मग करायचे काय?

पहिली मागणी आयुक्तालयाकडे आणि शाळांकडे. सायकलीची मदत देताना पंप, वालट्यूबचा तुकडा आणि पॅचची डबी हा तिचाच भाग समजावा. साधा पायपट्टीचा पंप काही शे रुपयांत येतो. प्रत्येक मुलीला वेगळा नको. एका वाडीवरून चार-पाच जणी एकत्र येत असतील तर त्यांच्यात एक पुरे. हजारो रुपयांची सायकल काही शे रुपयांच्या पंपावाचून पडून राहणे हा कसलाही हिशेब नाही.

दुसरी, प्रत्येक शाळेत एक उभा मोठा पंप ठेवावा. घंटेशेजारी, सगळ्यांना दिसेल असा. त्याची चावी कपाटात नको.

तिसरी, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एक तास सायकलचा. गावातल्या पंक्चरवाल्याला मानाने बोलवा, त्याचे त्या तासाचे पैसे द्या आणि आठवीच्या वर्गाला चाक उघडून दाखवायला सांगा. विज्ञानाच्या शिक्षकांनी त्याच तासात दाब आणि क्षेत्रफळ शिकवावे. फळ्यावरचे सूत्र दंडात उतरले की आयुष्यभर विसरत नाही.

चौथी मागणी आपल्याकडे, म्हणजे रविवारी पहाटे दौलताबाद, म्हैसमाळ, वेरूळच्या रस्त्याला लागणाऱ्या आपणा सगळ्यांकडे. आपल्या सायकलीला लागतो तेवढाच पंप नेऊ नका. सोबत वालट्यूबच्या वालला बसणारा अडॅप्टर आणि त्या रबराचा तुकडा ठेवा. या रस्त्यांवर आपल्यापेक्षा त्याच सायकली जास्त आहेत. आपण तिथे हौसेने जातो, त्या तिथे रोज कामाला लागतात.

त्या शनिवारनंतर ती मुलगी मला पुन्हा दिसली नाही. खुलताबादच्या अलीकडे आता मी सवयीने वेग कमी करतो. दोनदा वेगवेगळ्या मुलांची चाके भरून दिली. त्यातल्या एकाने पंप हातातून घेतला आणि म्हणाला, ‘‘द्या काका, मी मारतो.’’ सत्तर-ऐंशी दट्ट्यांत त्याने चाक टणक केले, थुंकी लावून वाल तपासला आणि निघून गेला. त्याला काहीच शिकवावे लागले नाही. त्याच्याकडे फक्त पंप नव्हता.